एका पेनीचा खटला: व्हर्जिनियातल्या ‘पार्सन्स कॉज’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या स्वातंत्र्याची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडतात तिथून सुरू होते. ती घटना डिसेंबर १७७३ची. त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, डिसेंबर १७६३मध्ये, व्हर्जिनियातल्या एका तालुकावजा कोर्टात एका पाद्र्याच्या थकलेल्या पगाराची सुनावणी झाली. तिथे एका नवख्या वकिलाने भर कोर्टात इंग्लंडच्या राजाला जुलमी ठरवलं, आणि ज्युरीने पाद्र्याच्या हातावर एक पेनी टेकवली. या खटल्याबद्दल जे प्रश्न हमखास विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत.

‘पार्सन’ म्हणजे कोण? त्याला पगार कोण देत होतं?

पार्सन म्हणजे पॅरिशचा, अर्थात एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा, पाद्री. व्हर्जिनिया ही इंग्लंडची वसाहत, आणि चर्च ऑफ इंग्लंड हा तिथला सरकारी धर्मपंथ. तुम्ही त्या चर्चमध्ये पाऊल टाका न टाका, कर मात्र भरावाच लागे. तो कर पॅरिशची ‘वेस्ट्री’ ठरवायची. वेस्ट्री म्हणजे गावातल्या बड्या जमीनदारांची पंचमंडळी. पाद्री निवडायचे त्यांनी, पगार द्यायचा त्यांनी, आणि त्याच्याकडून रविवारी प्रवचन ऐकायचं तेही त्यांनीच. मालक कोण आणि नोकर कोण हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. फक्त पाद्र्याला ते मान्य नव्हतं.

पगार तंबाखूत का दिला जायचा?

कारण व्हर्जिनियात नाणं दुर्मीळ आणि तंबाखू मुबलक. आपल्याकडे सुताराला, लोहाराला बलुतं धान्यात मिळायचं, तसंच काहीसं हे.

फरक एवढाच की तिथे प्रत्यक्ष माल हातोहात फिरत नसे. शेतकरी तंबाखू ‘हॉग्जहेड’ नावाच्या भल्यामोठ्या लाकडी पिंपात ठासून भरायचा. एका पिंपात साधारण हजार रतल माल मावायचा. (वजनाचा पौंड आणि पैशाचा पौंड यांचा गोंधळ नको, म्हणून या लेखात वजनासाठी आपला जुना ‘रतल’च वापरतो.) १७३०च्या कायद्यानंतर हे पिंप सरकारी वखारीत न्यावं लागे. तिथला तपासनीस पिंप उघडायचा, माल पारखायचा, कुजका निघाला तर जाळून टाकायचा आणि चांगल्या मालाची पावती द्यायचा. ही पावती म्हणजेच चलन. तिच्यावर कर भरा, देणं फेडा, वकिलाची फी द्या.

पाद्र्याचा पगार वर्षाला १६,००० रतल तंबाखू असा ठरलेला होता. आकडा १७व्या शतकाच्या अखेरीपासूनचा. १७४८च्या कायद्यात तो पुन्हा लिहिला गेला आणि त्या कायद्याला राजाची मंजुरी मिळाली. ही मंजुरी लक्षात ठेवा, पुढचं सगळं महाभारत तिच्यावरूनच आहे.

‘टू पेनी अ‍ॅक्ट’ हा काय प्रकार होता?

तंबाखूचा भाव साधारणपणे रतलाला २ पेन्सच्या आसपास असायचा. दुष्काळात पीक बुडालं की भाव चढायचा. १७५५मध्ये तसं झालं तेव्हा व्हर्जिनियाच्या विधानसभेने दहा महिन्यांपुरता कायदा केला की तंबाखूत देय असलेली देणी ठरावीक दराने रोख पैशांत फेडता येतील. १७५८मध्ये पुन्हा पीक गेलं, पुन्हा तसाच कायदा झाला, या वेळी बारा महिन्यांसाठी. दर ठरला शेकडा रतलाला १६ शिलिंग ८ पेन्स. म्हणजे २०० पेन्स. म्हणजे रतलाला २ पेन्स. त्यावरून नाव पडलं टू पेनी अ‍ॅक्ट.

कायद्यात पाद्र्यांचं नाव नव्हतं. तंबाखूत येणं असलेल्या सगळ्यांनाच तो लागू होता. पण सर्वांत मोठ्याने ओरडले ते पाद्री.

त्यांचं नुकसान खरंच तेवढं होतं का?

हिशेब मांडूनच बघू. १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड. पुढे कोर्टात दोन तंबाखू व्यापाऱ्यांनी साक्ष दिली की त्या वर्षी शेकड्याला ५० शिलिंग भाव होता. १६,००० रतल म्हणजे १६० शेकडे. १६० गुणिले ५० म्हणजे ८,००० शिलिंग, म्हणजेच ४०० पौंड. पाद्र्याला तंबाखू मिळाली असती, तर ती विकून एवढे हाती आले असते.

प्रत्यक्षात कायद्याच्या दराने मिळाले ३२,००० पेन्स, म्हणजे १३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. तिपटीचा फरक. बुडाले ते २६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. पेन्समध्ये सांगायचं तर बरोबर ६४,०००. हाही आकडा ध्यानात असू द्या.

दुष्काळात लोकांना सवलत दिली तर त्यात चुकलं काय?

माझं मत विचाराल तर कायद्याच्या अंगाने पाद्र्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि माणुसकीच्या अंगानेही ते दिसतं तितकं चूक नव्हतं.

भाव पडतो त्या वर्षी पाद्र्याला १६,००० रतलच मिळायचे, मग ती तंबाखू कवडीमोल का असेना. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बिचाऱ्याला जरा जास्त द्या. भाव चढला की मात्र ‘पैसे घ्या’. स्वस्ताईत माल आणि महागाईत रोकड, असा हा व्यवहार. शिवाय विधानसभेत बसलेले लोक स्वतःच बडे तंबाखूवाले. ज्याचं पीक थोडंफार वाचलं होतं, त्याने आपला माल चढ्या भावाने विकला आणि देणी मात्र २ पेन्सच्या दराने फेडली. गरीब शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे खरं, पण सगळ्यांत जाड मलई कुणाच्या ताटात पडली हेही उघड आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पीक बुडालेल्या माणसाकडून ठरलेले रतल वसूल करायचे म्हणजे त्याला तिप्पट भावाने तंबाखू विकत घेऊन कर भरायला लावायचं. त्यात फ्रेंचांशी युद्ध चालू, त्याचे कर वेगळे. अशा वेळी ‘माझे १६,००० पूर्ण मोजा’ म्हणणारा पाद्री लोकांच्या डोळ्यांत सलणारच.

यात राजाचा संबंध कुठे आला?

वसाहतीतला कायदा तीन टप्प्यांतून जायचा. विधानसभा तो मंजूर करायची. मग राजाने नेमलेला गव्हर्नर सही करायचा. त्यानंतर कायदा लंडनला जायचा आणि प्रिव्ही कौन्सिलच्या सल्ल्याने राजा तो ठेवू किंवा नाकारू शकायचा. (प्रिव्ही कौन्सिल हे नाव आपल्याला अनोळखी नाही. मुंबई हायकोर्टातली अपिलंही १९४९पर्यंत शेवटी तिथेच जात.)

आता मेख अशी. एखाद्या कायद्याला राजाने एकदा मंजुरी दिली, तर तो बदलणाऱ्या नव्या कायद्यात ‘राजाचा होकार येईपर्यंत याचा अंमल होणार नाही’ असं कलम घालणं बंधनकारक होतं. याला सोयीसाठी ‘थांबा कलम’ म्हणू. गव्हर्नरला तशी स्पष्ट ताकीदच असायची. १७४८च्या कायद्याला राजाची मंजुरी होती. १७५८चा कायदा त्यात बदल करत होता. आणि त्यात थांबा कलम नव्हतं.

गव्हर्नर फ्रान्सिस फॉकियर नुकताच आला होता. ताकीद त्याला ठाऊक होती. तरी त्याने सही केली, कारण आधीच्या गव्हर्नरनेही १७५५मध्ये केली होती आणि आल्या आल्या विधानसभेशी वाकडं घेण्यात त्याला शहाणपण दिसलं नसावं.

विधानसभेचा मुद्दा साधा होता: बारा महिन्यांचा दुष्काळी कायदा लंडनचं उत्तर येईपर्यंत थांबवून ठेवायचा, तर तो करायचाच कशाला? समुद्रापलीकडे पत्र पोचायलाच आठवड्यांमागून आठवडे, पुढे लंडनच्या दप्तरात ते किती महिने पडून राहील याचा नेम नाही.

मग लंडनहून उत्तर काय आलं?

पाद्र्यांनी आपला माणूसच लंडनला धाडला. रेव्हरंड जॉन कॅम हे त्याचं नाव; यॉर्क-हॅम्प्टन पॅरिशचा पाद्री आणि विल्यम अँड मेरी कॉलेजात प्राध्यापक. हट्टी, हुशार आणि भांडकुदळ. लंडनचे बिशप थॉमस शेरलॉक यांनी त्याची बाजू उचलून धरली आणि व्हर्जिनियाची विधानसभा राजाच्या अधिकारावर अतिक्रमण करते आहे अशा आशयाचं कडक पत्र लिहिलं. १० ऑगस्ट १७५९ला राजाने प्रिव्ही कौन्सिलमार्फत कायदा नामंजूर केला.

कॅम तो हुकूम घेऊन परत आला जून १७६०मध्ये. १७५८चा कायदा बारा महिन्यांचा, म्हणजे १७५९च्या शरदातच त्याची मुदत भरलेली. राजाने मारलेला कायदा हुकूम पोचेपर्यंत म्हातारपणाने आपोआप मेलेला होता.

कॅमने हुकूम हाती दिला तेव्हा गव्हर्नर फॉकियर इतका भडकला, की त्याने घरातल्या गुलाम नोकरांना बोलावून कॅमकडे बोट दाखवलं आणि या माणसाचा चेहरा नीट बघून ठेवा, याला पुन्हा आत येऊ द्यायचं नाही, असं बजावलं, असा प्रसंग सांगितला जातो.

कायदा रद्द झाला, मग पाद्र्यांना पैसे मिळायला हवे होते ना?

इथेच खरी गोम आहे. राजाने कायदा ‘नामंजूर’ केला होता. पण कधीपासून? हुकूम निघाला त्या दिवसापासून, की कायदा जन्मला त्या दिवसापासून?

पहिला अर्थ धरला तर तोवरचे सगळे व्यवहार कायदेशीर, पाद्र्याला दमडीही नाही. दुसरा अर्थ धरला तर तो कायदा कधी कायदा नव्हताच आणि पगाराचा फरक देणं लागतो. पाद्र्यांनी लंडनमध्ये मागणी केली होती ती दुसऱ्या अर्थाची. हुकुमात तसे शब्द आले नाहीत. साहेबांनी नाही म्हटलं, पण किती नाही ते सांगितलं नाही. सरकारी कागद वाचणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवा नसेल.

मग एकेक पाद्री कोर्टात गेला.

जेम्स मॉरी कोण होता?

लुइझा काउंटीतल्या फ्रेडरिक्सव्हिल पॅरिशचा पाद्री. ह्युगनॉट म्हणजे फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट घराण्यातला. विद्वान, सज्जन, मोठ्या कुटुंबाचा धनी. पगारात भागत नव्हतं म्हणून घरी मुलांची शाळा चालवायचा. १७५८ ते १७६० या काळात, म्हणजे नेमक्या टू पेनी अ‍ॅक्टच्या दिवसांत, त्याच्याकडे वडील वारलेला एक मुलगा शिकायला राहिला होता. त्याचं नाव थॉमस जेफरसन. त्याच्याकडे पुढे येऊच.

मॉरीने १७६२च्या एप्रिलमध्ये शेजारच्या हॅनोवर काउंटीच्या कोर्टात पॅरिशचा कर वसूल करणाऱ्यांवर दावा लावला.

मॉरी आधी जिंकला होता, हे खरं का?

खरं आहे, आणि हा भाग बहुतेक सांगणारे घाईत उरकतात.

५ नोव्हेंबर १७६३ला हॅनोवरच्या कोर्टाने ठरवलं की १७५८चा कायदा हा कायदाच नव्हे. थेट मॉरीच्या बाजूने. याआधी दुसऱ्या काउंट्यांत दोन पाद्री हरले होते. मॉरीच्या बाबतीत कोर्टाने राजाचं वर्चस्व मान्य केलं. उरलं फक्त एकच काम: नुकसानभरपाई किती, हे ज्युरीने सांगायचं. तोही त्रैराशिकाचा प्रश्न, वर आपण सोडवला तसा.

प्रतिवादींचा वकील जॉन लुइस याने आता यात करण्यासारखं काही नाही म्हणून अंग काढून घेतलं. हरलेली केस घ्यायला कोण तयार होणार? ज्याचं स्वतःचंच काही पणाला लागलेलं नाही तो.

पॅट्रिक हेन्री या खटल्यात कसा आला?

हेन्री तेव्हा २७ वर्षांचा. दोनदा दुकान काढून बुडवलेलं, शेतीही जमली नाही, घर जळालेलं. हॅनोवर कोर्टासमोर सासऱ्याची खाणावळ होती, तिथे हातभार लावायचा. येणारे-जाणारे वकील बघून त्याने स्वतःच पुस्तकं वाचली आणि १७६०मध्ये विल्यम्सबर्गला जाऊन वकिलीची सनद मिळवली. परीक्षकांनी सही देताना नाकं मुरडली होती म्हणतात.

अशा माणसाला वाया गेलेली केस म्हणजे फुकटची संधी.

आणि न्यायाधीश त्याचे वडील होते?

हो. मुख्य न्यायाधीश कर्नल जॉन हेन्री हे त्याचे सख्खे वडील. ज्याच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं तो काका, रेव्हरंड पॅट्रिक हेन्री, हॅनोवरमध्येच पाद्री होता आणि त्याचाही पगार याच कायद्याने कापला गेला होता. पुतण्याने काकाला विनवून सुनावणीआधी घरी पाठवलं, अशी गोष्ट पुढच्या चरित्रांत येते. त्या काळी काउंटी कोर्टात गावचे प्रतिष्ठित लोकच न्यायाधीश म्हणून बसत, त्यामुळे नातेवाइकांचा मामला हा नित्याचाच. आजच्या नजरेने बघाल तर डोक्याला हात लावाल.

१ डिसेंबर १७६३ला कोर्टात नेमकं काय झालं?

त्या दिवसाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार खुद्द मॉरी. ११ दिवसांनी, १२ डिसेंबरला, त्याने जॉन कॅमला सविस्तर पत्र लिहिलं. हरलेल्याचं पत्र आहे, रागावून लिहिलं आहे. पण हेन्रीची बाजूही त्यातूनच आपल्याला कळते.

आधी ज्युरीची निवड. मॉरीची तक्रार अशी की शेरीफने सभ्य गृहस्थांना वगळलं आणि सामान्य लोकांतून नावं उचलली. त्यात तीन-चार जण तर ‘न्यू लाइट’ पंथाचे, म्हणजे सरकारी चर्चला न मानणारे. आपलं नसलेल्या चर्चला सक्तीने कर देणारी माणसं पाद्र्याचा पगार ठरवायला बसली. मॉरीने हरकत घेतली. हेन्रीने ही प्रामाणिक माणसं आहेत असं ठासून सांगितलं आणि त्यांना लगेच शपथ दिली गेली.

मग मॉरीच्या वकिलाने, पीटर लायन्सने, दोन व्यापाऱ्यांच्या साक्षी काढल्या: शेकडा ५० शिलिंग. पाद्रीवर्ग किती भला आहे यावर चार शब्द बोलला. बसला.

हेन्री उठला. जवळपास तासभर बोलला. तंबाखूच्या भावाला त्याने हातही लावला नाही. त्याचं म्हणणं असं: राजा आणि प्रजा यांच्यात एक मूळ करार आहे. राजाने रक्षण करायचं, प्रजेने आज्ञा पाळायची. १७५८चा कायदा लोकांच्या हिताचा होता. असा हितकारी कायदा जो राजा मोडीत काढतो, तो प्रजेचा बाप न राहता जुलमी होतो आणि प्रजेच्या आज्ञापालनावरचा हक्क गमावून बसतो.

लायन्स उभा राहून ओरडला: या गृहस्थाने राजद्रोहाचे शब्द उच्चारले आहेत, आणि न्यायाधीश शांतपणे ऐकून कसे घेतात याचं मला नवल वाटतं! मॉरीच्या पाठीमागे उभ्या असलेल्या लोकांतूनही ‘राजद्रोह, राजद्रोह’ अशी कुजबुज उठली. न्यायासनावरचे कर्नल हेन्री काही बोलले नाहीत. ज्युरीतल्या एकाने तर मान डोलावली, असं मॉरी लिहितो.

पुढे हेन्री पाद्र्यांकडे वळला. सरकारी चर्चचा उपयोग काय, तर लोकांना कायदा पाळायला शिकवणं. हे पाद्री स्वतःच कायदा पाळायला तयार नाहीत. यांना भरपाई नव्हे, शिक्षा द्यायला हवी. शेवटी ज्युरीला सांगितलं की कोर्टाने कायदा अवैध ठरवला आहे म्हणून तुम्हाला पाद्र्याच्या बाजूने निकाल द्यावा लागेल, पण एका पैपेक्षा जास्त द्यायचं बंधन तुमच्यावर नाही.

ज्युरी उठली आणि पाच मिनिटांच्या आत परतली. निकाल वादीच्या बाजूने. भरपाई: एक पेनी.

६४,०००च्या जागी एक.

ज्युरीला असं करता येतं का?

रीतसर बघितलं तर पुराव्याविरुद्ध निकाल. लायन्सने तोच आक्षेप घेतला, कोर्टाने मानला नाही. ज्युरीने ‘पाद्री हरला’ असं म्हटलंच नाही. कोर्टाचा कायदेशीर निर्णय तिने जसाच्या तसा ठेवला, आणि त्यातला जीव काढून घेतला. राजाचा शब्द खरा, पण त्याची किंमत एक पेनी. या खटल्यातली सर्वांत कावेबाज गोष्ट हीच, आणि हेन्रीच्या भाषणापेक्षा मला ती जास्त महत्त्वाची वाटते. भाषणं पुष्कळ होतात.

मराठी वाचकाला इथे १९५९चा मुंबईचा नानावटी खटला आठवेल. तिथेही ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी पुराव्याच्या उलट कौल दिला होता. पण तिथे सेशन्स जज्जाने तो कौल न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि चित्र पालटलं. हॅनोवरच्या न्यायासनावर तसं करणारं कुणी नव्हतं.

हेन्रीवर राजद्रोहाचा खटला का झाला नाही?

करणार कोण? न्यायाधीश वडील, ज्युरी खूश, बाहेर जमाव. निकालानंतर लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं.

मॉरीच्या पत्रात एक गमतीची नोंद आहे. कोर्ट उठल्यावर हेन्री त्याच्याकडे आला आणि माफी मागितली. आपण ही केस घेण्यात आणि जे बोललो त्यात लोकप्रिय होण्यापलीकडे काही हेतू नव्हता, असं म्हणाला. मॉरीला त्याचा अधिकच संताप आला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

हेन्रीचं पूर्ण भाषण वाचायला मिळतं का?

नाही. कोर्टात कुणी ते उतरवून घेतलं नव्हतं. ‘विधवेची शेवटची दुभती गाय ओढून नेणारे हे पाद्री’ अशा धर्तीची जी वाक्यं ठिकठिकाणी दिसतात ती पुष्कळ वर्षांनी, म्हाताऱ्यांच्या आठवणींवरून लिहिलेली आहेत. बापाच्या गालावरून अश्रू ओघळले हे वर्णनही त्याच काळातलं. छान आहे, पण विश्वास ठेवायचा तर मॉरीच्या पत्रावर ठेवावा.

बाकीच्या पाद्र्यांचं काय झालं?

हरले. कॅमचा स्वतःचा दावा विल्यम्सबर्गच्या जनरल कोर्टात होता. तिथे न्यायाधीश म्हणून गव्हर्नरचं मंडळ बसायचं. एप्रिल १७६४मध्ये तो थोडक्या मतांनी हरला. त्याने प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केलं. तिथे मूळ प्रश्नाला हात न लावता तांत्रिक कारणावरून ते फेटाळलं गेलं. तोवर स्टँप अ‍ॅक्टवरून, म्हणजे लंडनने कागदपत्रांवर लादलेल्या करावरून, वसाहतींत आग लागलेली. लंडनला नवं भांडण नको होतं. मॉरीलाही अपिलाची परवानगी मिळाली होती, पण कॅम हरल्यावर त्यात काही राम उरला नाही.

म्हणजे कायदा कधीपासून रद्द, या मूळ प्रश्नाचं उत्तर वरच्या कोर्टाने शेवटपर्यंत दिलंच नाही.

कोर्टाबाहेर काही वाद झाला का?

झाला, आणि चांगलाच रंगला. लँडन कार्टर आणि रिचर्ड ब्लँड हे विधानसभेतले दोन जमीनदार एका बाजूला, कॅम दुसऱ्या बाजूला. चोपडीमागून चोपडी. विल्यम्सबर्गच्या छापखानेवाल्याने कॅमचं लिखाण छापायला नकार दिला तेव्हा त्याने ते शेजारच्या मेरीलँड वसाहतीतून छापून आणलं.

या भांडणात ब्लँडने १७६४मध्ये एक भेद मांडला: वसाहतीचा अंतर्गत कारभार वेगळा आणि बाहेरचा वेगळा, अंतर्गत कारभारात लोकांनी निवडलेल्या सभेच्या संमतीशिवाय कायदा नको. पुढच्याच वर्षी स्टँप अ‍ॅक्ट आला तेव्हा हा युक्तिवाद आयता तयार होता. मॉरीचा खटला लोकांच्या तोंडी राहिला, पण विचारांचं काम या चोपड्यांनी जास्त केलं.

याला अमेरिकन क्रांतीची सुरुवात म्हणावं का?

मी म्हणणार नाही. १७६३मध्ये हॅनोवरमध्ये कुणाच्या डोक्यात स्वातंत्र्य नव्हतं. पेनी देणाऱ्या ज्युरीला कर वाचवायचा होता, हेन्रीला अशिलं हवी होती.

पण धागा मात्र तुटत नाही. मे १७६५मध्ये हेन्री विधानसभेत निवडून आला, तोही मॉरीच्याच लुइझा काउंटीतून. महिन्याभरात त्याने स्टँप अ‍ॅक्टविरुद्धचे ठराव मांडले, तेव्हाही सभागृहात ‘राजद्रोह’ ही आरोळी उठली. १७७६मध्ये तो स्वतंत्र व्हर्जिनियाचा पहिला गव्हर्नर झाला.

आणि तो शाळेतला मुलगा. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जेफरसनने राजाविरुद्ध तक्रारींची लांबलचक यादी दिली आहे. पहिली तक्रार: लोकहिताच्या, अत्यंत आवश्यक कायद्यांना राजाने संमती नाकारली. दुसरी: तातडीचे कायदे संमती मिळेपर्यंत स्थगित ठेवल्याशिवाय मंजूर करू नयेत, असं त्याने गव्हर्नरांना बजावलं. म्हणजे सरळ सरळ थांबा कलमच. संमतीशिवाय लादलेले कर, फौजा हे सगळं त्या यादीत नंतर येतं. मॉरी तोवर वारला होता, १७६९मध्ये. आपल्या विद्यार्थ्याने हेन्रीचा मुद्दा पहिल्या ओळीत घातला, हे त्याला बघावं लागलं नाही.

या सगळ्यात तंबाखू पिकवणारे कुठे आहेत?

करपावतीत आहेत. पॅरिशचा कर डोक्यामागे बसायचा. गोऱ्यांमध्ये १६ वर्षांवरचा पुरुष मोजला जायचा, काळ्यांमध्ये पुरुष आणि बाई दोन्ही. गुलाम बाई शेतात राबते म्हणून ती करपात्र, गोरी बाई नाही. त्या डोक्यांचा कर मालकाने भरायचा. म्हणजे ज्या १६,००० रतलांवरून राजा, विधानसभा, पाद्री आणि ज्युरी एवढे भांडले, ते पीक लावण्यापासून पिंपात ठासण्यापर्यंत बरंचसं गुलामांच्या हातचं होतं. मॉरीच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही, हेन्रीच्या ‘मूळ करारा’तही नाही. हेन्री स्वतः गुलाम बाळगून होता.

ते कोर्ट आज बघता येतं का?

येतं. व्हर्जिनियाची राजधानी रिचमंडच्या उत्तरेला हॅनोवर गावी १८व्या शतकातली ती विटांची इमारत, पुढच्या कमानींसकट, अजून उभी आहे. रस्त्यापलीकडे हॅनोवर टॅव्हर्न आहे, पण आज दिसते ती इमारत हेन्रीच्या सासऱ्याच्या खाणावळीनंतर बांधलेली आहे.